डिस्क गेली की वाट गेली? कर्नलमध्ये नवा स्टोरेज ट्रान्सपोर्ट बसवताना

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे निपाणीकडचे, सध्या बेळगावात उद्यमबागेतल्या एका छोट्या कंपनीत आहेत. कास्टिंगच्या तपासणीचे फोटो आणि मोजमापांच्या फाइली एका शेडमध्ये तयार होतात, डिस्क दुसऱ्या शेडमध्ये आहेत, मधे फायबर टाकलीय. त्यांच्या गटाने एफपीजीए (आतलं सर्किट हवं तसं बदलता येणारी चिप) बोर्डावर स्वतःचा स्टोरेज कंट्रोलर उभा केलाय. तो इथरनेटच्या कच्च्या फ्रेममधून, म्हणजे मधे टीसीपी न घेता सरळ इथरनेटच्या पाकिटांतून, डिस्कचे ब्लॉक (ठरावीक मापाचे डेटाचे तुकडे) वाचतो आणि लिहितो. आता लिनक्सच्या बाजूचा ड्रायव्हर लिहायचाय. तो स्कझीच्या (डिस्कशी बोलायची जुनी पद्धत) थराखाली बसवावा, एनव्हीएमईखाली (एसएसडीच्या काळातली नवी पद्धत) बसवावा, की सरळ ब्लॉक ड्रायव्हर लिहून मोकळं व्हावं? कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, किती ठेवावं, आणि यूजरस्पेसमध्ये, म्हणजे बाहेरच्या साध्या प्रोग्राममध्ये, किती? आणि एकच डिस्क दोन मशीनवरून माउंट केली तर चालेल का? शिवाय एक तक्रार आहे: सध्या आयस्कझी (स्कझीच्या कमांड टीसीपी नेटवर्कवरून नेणारी पद्धत) वापरतात, पावसात लाइट गेली की मधला स्विच रिस्टार्ट होतो, आणि तेवढ्या दीड मिनिटात फाइल सिस्टिम रीड-ओन्ली होऊन बसते.

ही तक्रार त्यांनी जाता जाता लिहिलीय, पण माझ्या मते सगळ्या प्रश्नाचं मर्म तिथेच आहे. म्हणून उत्तर जरा लांबणार. विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचं मुख्यालय बेळगावात असूनही या विषयावर मराठीत वाचायला जवळजवळ काही मिळत नाही, आणि सीमाभागातल्या मराठी शाळांतून इंजिनिअरिंगला गेलेली पुष्कळ मुलं माझ्या ओळखीची आहेत. त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून काही गोष्टी मुळापासून सांगतो.

दोन गोष्टी आधी वेगळ्या करा. डिस्कशी काय बोलायचं, म्हणजे ‘या पत्त्यावरचे इतके ब्लॉक दे’, ‘कॅशमधलं सगळं प्लॅटरवर उतरव’, हा झाला कमांड संच. ते बोलणं डिस्कपर्यंत पोचवायचं कसं, हा झाला ट्रान्सपोर्ट. १९८६ च्या पहिल्या स्कझी मानकात हे दोन्ही एकाच पुस्तकात होतं, कारण वाट एकच होती: एक जाड पट्टी केबल, तिच्यावर जंपर लावून दिलेले ० ते ७ क्रमांक, दोन्ही टोकांना टर्मिनेटर. स्कझी-३ च्या वेळी पुस्तकं वेगळी केली गेली. कमांड एकीकडे, वाहतूक दुसरीकडे. म्हणूनच फायबर चॅनल (स्टोरेजसाठीचं वेगळं नेटवर्क), एसएएस (सर्व्हरमधल्या डिस्कची सिरियल जोडणी), आयस्कझी, यूएसबी या सगळ्यांवरून आजही त्याच कमांड धावतात. तुमच्या पेन ड्राइव्हलाही लिनक्स ०x२८ हीच १० बाइटची वाचनाची कमांड पाठवतो. यूएसबीचा जुना बल्क-ओन्ली ट्रान्सपोर्ट फक्त तिच्याभोवती ३१ बाइटचं पाकीट घालतो आणि शेवटी १३ बाइटचं उत्तर घेतो.

मानकं वेगळी झाली, तरी कर्नलचा कोड इतक्या सहज वेगळा होत नाही. लिनक्समध्ये स्कझीचे तीन थर आहेत: वर डिस्क, टेप, सीडी ओळखणारे ड्रायव्हर, मधे मिड-लेयर, खाली प्रत्यक्ष कार्डाचे ड्रायव्हर. या मधल्या थराची मूळ समजूत जुन्या केबलची होती. आजही प्रत्येक डिव्हाइसला होस्ट (कार्ड), चॅनल (कार्डावरची केबल), टार्गेट (केबलवरचं उपकरण), लन (उपकरणातली डिस्क) असे चार आकडे मिळतात, त्यातले चॅनल आणि टार्गेट ही त्या केबलचीच आठवण. फायबर चॅनलमध्ये किंवा एसएएसमध्ये जंपर नसतो. तिथे प्रत्येक पोर्टला जगभरात एकमेव असं ६४ बिटांचं नाव असतं, आणि टार्गेटचा आकडा कर्नलने आपल्या सोयीसाठी लावून दिलेला असतो. यातून वाट काढायला ‘ट्रान्सपोर्ट क्लास’ आले. मिड-लेयर सगळ्यांना सामाईक, आणि पोर्ट कोणतं, नाव काय, लिंकचा वेग किती, वाट तुटली तर किती वेळ थांबायचं, हे सगळं त्या त्या ट्रान्सपोर्टच्या क्लासमध्ये.

२००५ च्या सुमारास एसएएसवरून लिनक्समध्ये बराच वाद झाला, तो इथे उपयोगाचा आहे. काही कार्डांचं फर्मवेअर स्वतःच सगळं जाळं शोधून, एक्स्पांडरच्या (एसएएसमधला स्विच) मागे काय दडलंय ते लपवून, ‘या घ्या डिस्क’ म्हणून सांगायचं. काही कार्डं मात्र उघडी होती. फ्रेम पाठवणं-घेणं एवढंच ती करायची, शोधाचं काम होस्टवर, म्हणजे संगणकावर. पहिल्या प्रकाराला पातळ क्लास पुरतो. दुसऱ्याला शोध, टायमर, एक्स्पांडरशी बोलणं असा मोठा कोड लागतो. एक बाजू म्हणत होती की एसएएससाठी वेगळाच स्टॅक उभा करू, दुसरी म्हणत होती की आहे त्या मिड-लेयरवर क्लास बसवू, आणि उघड्या कार्डांना लागणारा शोधाचा कोड सामाईक लायब्ररीत ठेवू. दुसरी बाजू टिकली, २००६ मध्ये ती लायब्ररी कर्नलमध्ये आली. मला तो निर्णय बरोबर वाटतो. वेगळा स्टॅक म्हणजे एरर हँडलिंग, सिसएफएसची (डिव्हाइसची माहिती दाखवणाऱ्या फाइलींची) झाडं, पॉवर मॅनेजमेंट, सगळं पुन्हा लिहायचं, आणि त्यातले बग पुन्हा नव्याने शोधायचे.

तुमचं कार्ड कोणत्या प्रकारचं, हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. तुमचा बोर्ड जर स्वतःच डिस्कची यादी ठेवत असेल, तर होस्टकडचा कोड पातळ ठेवता येईल.

आता ओळख. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची पहिली गफलत इथे होते. मशीन सुरू असताना डिस्कची लिंक तुटली, कुठल्यातरी प्रोग्रामने जुना ‘एसडीबी’ (लिनक्सने डिस्कला दिलेलं नाव) उघडा धरून ठेवलाय, लिंक परत आली, आणि तीच डिस्क ‘एसडीसी’ म्हणून उगवली. बॅकअपची स्क्रिप्ट जुन्या नावावर लिहायला जाते आणि एरर खाते. आकडा आणि अक्षर यांच्यावर काहीही उभं करू नका. स्कझीत इन्क्वायरीचं (डिस्कला तिची माहिती विचारणारी कमांड) ०x८३ क्रमांकाचं पान याच कामासाठी आहे, त्यात डिस्कची कायमची ओळख असते. एनव्हीएमईत प्रत्येक नेमस्पेसला (तिथल्या भाषेत एक डिस्क) असाच कायमचा ओळखक्रमांक असतो. तुमच्या प्रोटोकॉलमध्ये पहिल्याच दिवशी अशी ओळख घाला, ती डिस्कबरोबर राहिली पाहिजे, बोर्डाच्या स्लॉटबरोबर नाही. आणि परत जोडणी झाल्यावर ती ओळख पुन्हा तपासल्याशिवाय एकही थांबलेली कमांड पुढे सोडू नका. लाइट नसलेल्या दहा मिनिटांत कुणी डिस्क बदलली असेल, तर जुन्या डिस्कचं लिखाण नवीवर जाईल.

आणि आता तो दीड मिनिटाचा स्विच.

चोर्ला घाट दरड कोसळून बंद झाला, म्हणून गोवा कुठे गेला नाही. अनमोडने जाता येतं, आंबोलीने जाता येतं, नाहीतर दरड काढेपर्यंत थांबायचं. हे आपल्याला सांगावं लागत नाही, पण मिड-लेयरला सांगावं लागतं. त्याच्याजवळ फक्त एक टायमर असतो: डिस्कच्या कमांडला साधारण ३० सेकंद. उत्तर आलं नाही की त्याच्या लेखी डिस्क बिघडली. मग तो कमांड रद्द करून बघतो, मग लन रीसेट, टार्गेट रीसेट, बस रीसेट, शेवटी होस्ट रीसेट. वाटच तुटलेली असताना यातलं एकही काम होणार नाही, आणि शेवटी तो डिस्क ऑफलाइन करून टाकतो. एकदा ऑफलाइन झाली की लिंक परत आली तरी ती आपोआप परत येत नाही.

डिस्क मेली की वाट तुटली, हे फक्त ट्रान्सपोर्टला कळू शकतं. तेव्हा ट्रान्सपोर्टचं खरं काम कमांड वाहून नेणं एवढंच नाही. वाट तुटल्याची बातमी वेळेत वर पोचवणं, आणि वाट सुधारेपर्यंत वरच्यांना धरून ठेवणं, हे त्याहून अवघड काम त्याच्याकडे आहे. तुमची रचना या एका मुद्द्याभोवती फिरू द्या.

तुमच्या शेडमध्ये काय घडतं ते सेकंदासेकंदाने बघू. स्विच बंद पडला. टीसीपीला स्वतःहून काही कळत नाही, तो आपला पॅकेट परत परत पाठवत राहतो. लिनक्सच्या मूळ सेटिंगवर तो साधारण १५ मिनिटांपर्यंत हार मानत नाही. म्हणून आयस्कझी दर ५ सेकंदांनी एक रिकामी विचारणा पाठवतो, आणि तिला ५ सेकंदांत उत्तर नाही आलं तर जोडणी तुटली असं धरतो. म्हणजे साधारण १० सेकंदांत बातमी कळली. आता सेशन (लॉगिन करून उभी केलेली जोडणी) ‘ब्लॉक’ होतो, म्हणजे रोखला जातो. वाटेत असलेल्या कमांड ‘ट्रान्सपोर्ट विस्कळीत’ असा शेरा मारून परत रांगेत येतात, नव्या कमांड रांगेतच थांबतात. ३० सेकंदांचा टायमर वाजला तरी ट्रान्सपोर्ट क्लास मिड-लेयरला सांगतो, ‘थांब, टायमर पुन्हा लाव, वाट बंद आहे हे मला माहीत आहे.’ आणि दुसरा, मोठा टायमर सुरू होतो. ओपन-आयस्कझीत त्याची मूळ किंमत १२० सेकंद आहे. तेवढ्यात पुन्हा लॉगिन झालं तर रांग मोकळी होते, आणि फाइल सिस्टिमला फक्त उशीर दिसतो. नाही झालं तर कमांड एररने परत जातात, ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमला जर्नल (बदलांची आगाऊ नोंदवही) लिहिता येत नाही, आणि ती रीड-ओन्ली होते.

तुमचा स्विच दीड मिनिटात परत येतो, आणि १२० सेकंदांची मुभा असती तर काही व्हायला नको होतं. तेव्हा कॉन्फिगमध्ये बघा, तो ‘रिप्लेसमेंट टाइमआउट’ कुणीतरी १५ च्या आसपास आणून ठेवलेला असणार. मल्टिपाथच्या (एकाच डिस्ककडे अनेक वाटा) मार्गदर्शिकेत तो सल्ला असतो, आणि तिथे तो बरोबरच आहे: दुसरी वाट हाताशी असेल तर पहिलीवर ताटकळायचं कशाला, लगेच एरर द्या आणि कमांड दुसरीकडून जाऊ द्या. तुमच्याकडे वाट एकच. तिथे हा आकडा मोठा हवा, आणि स्विच यूपीएसवर हवा. मोठा आकडा ठेवल्यावर लॉगमध्ये ‘टास्क १२० सेकंदांहून जास्त अडकला’ असा संदेश दिसू शकतो. तो बघून घाबरू नका, मशीन रीबूट तर मुळीच करू नका. काम थांबलंय, मेलेलं नाही.

फायबर चॅनलमध्ये हीच कल्पना दोन वेगळ्या टायमरमध्ये मांडलीय, आणि मला ती मांडणी सर्वांत स्वच्छ वाटते. एक टायमर म्हणतो, ‘एवढा वेळ झाला, आता अडकलेल्या कमांडना एरर द्या.’ दुसरा म्हणतो, ‘एवढा वेळ झाला, आता हे पोर्ट गेलंच असं समजून डिव्हाइसच काढून टाका.’ पहिला छोटा, दुसरा मोठा. एनव्हीएमई फॅब्रिक्सनेही (नेटवर्कवरून चालणारं एनव्हीएमई) हेच उचललं: दर १० सेकंदांनी पुन्हा जोडून बघायचं, ६०० सेकंदांनी आशा सोडायची, आणि हवं असेल तर त्याआधीच कमांडना एरर देणारा वेगळा टायमर लावायचा. तुमच्या ड्रायव्हरमध्येही हे दोन टायमर वेगळेच ठेवा. एकाच आकड्यात दोन्ही निर्णय कोंबले की मल्टिपाथवाला आणि एकाच वाटेवाला या दोघांपैकी एक कायम अडचणीत राहतो.

यात एक धोका असा आहे की ज्याने डेटा गुपचूप नासतो, आणि कच्च्या इथरनेटवरच्या प्रोटोकॉलमध्ये तो हमखास राहून जातो. समजा, ब्लॉक ५००० वर ‘अ’ लिहायची कमांड गेली. उत्तर आलं नाही. तुम्ही ती पुन्हा पाठवली, या वेळी ती लागली. मग फाइल सिस्टिमने त्याच ब्लॉकवर ‘ब’ लिहिलं, तेही झालं. आणि आता पहिली फ्रेम, जी कुठल्यातरी स्विचच्या बफरमध्ये किंवा तुमच्याच बोर्डाच्या रांगेत अडकून पडली होती, ती मोकळी झाली आणि बोर्डाने इमानदारीने ‘अ’ लिहून टाकला. कुठेही एरर नाही, लॉगमध्ये एक ओळ नाही. फाइल मात्र जुनी. तपासणीच्या नोंदीत असं झालं तर सहा महिन्यांनी ग्राहकाने विचारल्यावर कळेल.

यावर उपाय पुन्हा पाठवण्याच्या कोडमध्ये नाही, सेशनमध्ये आहे. प्रत्येक जोडणीला एक वाढत जाणारा सेशन क्रमांक द्या, प्रत्येक फ्रेममध्ये तो असू द्या. नवी जोडणी झाली की बोर्डाने आधी जुन्या सेशनची सगळी प्रलंबित कामं टाकून द्यावीत, ती टाकून झाल्याची खात्री द्यावी, आणि त्यानंतरच होस्टने काही पुन्हा पाठवावं. आणि सेशन चालू असताना एखादी कमांड पुन्हा पाठवायची असेल, तर क्रमांकावरून बोर्डाला ती आधीच झालेली असल्याचं ओळखता आलं पाहिजे. एटीए ओव्हर इथरनेट हा तुमच्यासारखाच कच्च्या फ्रेमवरचा प्रोटोकॉल आहे, इथरटाइप ०x८८ए२, लिनक्समध्ये २००५ पासून. तो अतिशय सुटसुटीत आहे आणि त्याचा ड्रायव्हर वाचण्यासारखा आहे, जरूर वाचा. पण वाचताना हा प्रश्न मनात ठेवून वाचा.

हाच धोका उलट्या दिशेनेही असतो. उशिरा आलेलं उत्तर दुसऱ्याच कमांडला चिकटतं. ब्लॉक थर (कर्नलचा डिस्ककडे कमांड पाठवणारा भाग) टॅग, म्हणजे चालू कमांडचे क्रमांक, पुन्हा पुन्हा वापरतो. टॅग १७ ची जुनी कमांड सोडून दिली, तो आकडा नव्या वाचनाला मिळाला, आणि जुन्याचं उत्तर आता आलं, तर नवं वाचन ‘झालं’ म्हणून वर जाईल, बफरमध्ये मात्र कचरा. लिनक्सच्या एनव्हीएमई ड्रायव्हरने यासाठी १६ बिटांच्या कमांड क्रमांकातले वरचे ४ बिट पिढी मोजायला ठेवले आणि खालचे १२ टॅगला. तुमच्या फ्रेममध्ये जागा तुमच्याच हातात आहे, ३२ बिट घ्या.

कर्नल की यूजरस्पेस, याचं उत्तर मेमरीतून निघतं. मशीनची मेमरी भरत आली की कर्नल मळलेली पानं (मेमरीत बदललेला, पण अजून डिस्कवर न उतरलेला डेटा) डिस्कवर लिहून जागा मोकळी करतो. तुमची डिस्क नेटवर्कपलीकडे आहे, म्हणजे लिहायला फ्रेम बांधावी लागणार, फ्रेमला मेमरी लागणार, आणि मेमरी मिळवायला आधी लिहावं लागणार. हे चक्र एकदा जुळलं की मशीन गोठतं. म्हणून डेटाच्या वाटेवर लागणारी प्रत्येक गोष्ट आधीच राखून ठेवलेली हवी: कमांडची जागा टॅगबरोबरच, बाकी गोष्टींना मेमरी पूल, वाटेत कुठेही नवी मेमरी मागायची झाली तर ‘यासाठी आयओ (डिस्कची वाच-लिही) करू नकोस’ असा झेंडा लावून, आणि वर्कक्यू (मागे करायच्या कामांची रांग) घ्यायची ती मेमरी-रिक्लेमची, म्हणजे मेमरी मोकळी करतानाही चालण्याची, हमी असलेलीच.

आयस्कझीने डेटाची वाट कर्नलमध्ये ठेवली आणि लॉगिन, वाटाघाटी, पुन्हा जोडणी हे यूजरस्पेसच्या डीमनला (मागे सतत चालणारा प्रोग्राम) दिलं. कर्नल हलका राहिला हे खरं. पण रूट फाइल सिस्टिमच (जिच्यावर लिनक्स स्वतः आहे ती) आयस्कझीवर असेल आणि वाट तुटली, तर पुन्हा जोडणारा डीमन ज्या डिस्कवर आहे ती डिस्कच गायब. म्हणून तो डीमन आपली सगळी मेमरी लॉक करून बसतो, आणि मेमरी संपल्यावर कर्नल ज्यांना मारतो त्या यादीतून स्वतःला वगळून घेतो. चालतं, पण जपून चालवावं लागतं. एनव्हीएमई फॅब्रिक्सने पुन्हा जोडणी कर्नलमध्येच घेतली, यूजरस्पेसकडून फक्त सुरुवातीचा पत्ता आणि पर्याय घेतले. मी आज नव्याने लिहायला बसलो तर दुसरी पद्धत घेईन. शोध, कोणाला प्रवेश द्यायचा, कुठली डिस्क कुठे, हे धोरण बाहेर. तुटलेली वाट सांधणं आत.

एरर हँडलिंगबद्दल एकच गोष्ट. स्कझीचा एरर हँडलर जागा झाला की तो पूर्ण होस्टच्या (इथे होस्ट म्हणजे स्कझीच्या लेखी एक कार्ड) रांगा थांबवतो. एका होस्टवर तुम्ही १२ डिस्क टांगल्यात आणि एक रुसली, तर बाकीच्या ११ ही थांबतील. म्हणून सॉफ्टवेअर आयस्कझी प्रत्येक सेशनला वेगळा होस्ट बनवतो. बोर्ड अनेक असतील तर तुम्हीही तसंच करा.

रांगांचं तंत्र लवकर आटोपतो, कारण ते काम आता ब्लॉक थरच करतो. २०१४ च्या सुरुवातीला आलेल्या ३.१३ कर्नलपासून बहुरांगी ब्लॉक थर आहे. तुमच्या बोर्डाला एकाच वेळी किती कमांड झेपतात तो आकडा प्रामाणिकपणे सांगा, बाकी टॅग वाटणं, प्रत्येक सीपीयूची रांग, टायमर, सगळं तो बघतो. स्वतःची रांग ड्रायव्हरमध्ये बांधू नका.

फ्लशबाबत, म्हणजे कॅशमधलं डिस्कवर उतरवण्याच्या कमांडबाबत, मात्र बोर्डाच्या टीमशी स्पष्ट बोलून घ्या. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे लाइट कितीदा जाते ते तुम्ही बघताच. बोर्डावर रॅमचा कॅश असेल तर ‘माझ्याकडे राइट कॅश आहे’ हे होस्टला सांगितलंच पाहिजे, तरच फाइल सिस्टिम योग्य जागी फ्लश पाठवेल. आणि फ्लशला ‘झालं’ असं उत्तर डेटा खरोखर डिस्कवर उतरल्यावरच जायला हवं. बेंचमार्कमध्ये चांगले आकडे दिसावेत म्हणून फ्लशला लगेच हो म्हणणारे स्वस्त यूएसबी ब्रिज मी पुष्कळ बघितलेत. त्यांचे आकडे लाइट जाईपर्यंतच चांगले असतात.

तर मग कुठे बसवायचं? सरळ ब्लॉक ड्रायव्हर दोन आठवड्यांत चालू होईल, हे मान्य. पण मग वर सांगितलेलं सगळं, ओळख, दोन टायमर, ब्लॉक करून धरणं, मल्टिपाथ, तुम्हालाच लिहावं लागेल, आणि सहा महिन्यांनी तुम्ही मिड-लेयरचीच एक अर्धवट नक्कल लिहून बसलेले असाल. स्कझी आणि एनव्हीएमई यांत मी तुम्हाला एनव्हीएमई सुचवेन. २०११ चं पहिलं मानक पीसीआय एक्स्प्रेसपुरतं (संगणकाच्या आतली कार्डांची जोडणी) होतं, २०१६ मध्ये फॅब्रिक्सचं मानक आलं, आणि लिनक्समधल्या कोडचा गाभा त्यासाठी वेगळा काढला गेला. आज त्याच गाभ्याखाली पीसीआय, आरडीएमए (एका मशीनच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत थेट पाठवणं), फायबर चॅनल आणि टीसीपी बसतात. केबलच्या जमान्याचं ओझं त्यात नाही, मल्टिपाथ आतच आहे, आणि कमांड ६४ बाइटची, उत्तर १६ बाइटचं, त्यामुळे एफपीजीएमध्ये उकलायलाही सोपं. डिस्कशिवाय टेपसारखी उपकरणं जोडायची असती तर मी स्कझी म्हटलं असतं.

पण त्याही आधी एक विचारतो. तुमच्या एफपीजीएच्या चिपमध्ये एआरएमचे कोर (प्रोसेसर) आहेत का? असतील, तर त्यांच्यावर लिनक्स चढवा आणि कर्नलमध्ये असलेलंच एनव्हीएमई टार्गेट (डिस्क पुरवणारी बाजू) टीसीपीवर सुरू करा. होस्टकडे कर्नल ५.० पासून तो ट्रान्सपोर्ट आहे, पोर्ट ४४२०. होस्टसाठी एकही ओळ लिहावी लागणार नाही. तुमच्या गटाने घेतलेले कष्ट मला दिसतात, आणि कच्च्या फ्रेमवर थोडा वेळ वाचतो हेही खरं. पण कर्नलच्या झाडाबाहेरचा (मुख्य सोर्स कोडबाहेरचा) ड्रायव्हर म्हणजे दर नव्या आवृत्तीला मोडणारा ड्रायव्हर, कारण कर्नलच्या आतल्या इंटरफेसची कुणी हमी देत नाही. आणि ज्याचं मानक कुठेच छापलेलं नाही असा ट्रान्सपोर्ट मुख्य झाडात घेतला जाणं जवळजवळ अशक्य. तुमच्या कंपनीत हे काम पाच वर्षं कोण सांभाळणार, हे मालकांशी बोलून ठरवा.

कच्च्या फ्रेमवरच ठाम असाल, तर कर्नलमध्ये शिरण्याआधी यूबीएलके (यूजरस्पेसमध्ये ब्लॉक ड्रायव्हर चालवायची सोय) घेऊन प्रोटोकॉल यूजरस्पेसमध्ये चालवून बघा. कर्नल ६.० पासून तो आहे, आयओ-यूरिंगवर (कर्नल आणि प्रोग्राम यांच्यातल्या सामाईक रांगा) चालतो, प्रोग्राम कोसळला तरी मशीन कोसळत नाही. वर सांगितलेलं मेमरीचं चक्र तिथेही लागू आहे, म्हणून त्या प्रोसेसला पीआरसीटीएल या सिस्टिम कॉलने ‘आयओ फ्लशर’ असं नोंदवा आणि मेमरी लॉक करा. सेशन क्रमांक, पुन्हा जोडणी, उशिरा आलेल्या फ्रेम, हे सगळं इथे घोटून घ्या.

चाचणी वेगापासून सुरू करू नका. एफआयओ हा चाचणीचा प्रोग्राम पडताळणीच्या मोडमध्ये लावा, म्हणजे लिहिलेला प्रत्येक ब्लॉक तो परत वाचून जुळवतो. ते चालू असताना ‘टीसी नेटएम’ने (नेटवर्क मुद्दाम बिघडवणारं साधन) फ्रेम गाळा, उशिरा पोचवा, क्रम उलटा करा. मग लिंक २० सेकंद पाडा, मग दीड मिनिट, मग पहिल्या टायमरच्या पलीकडे, मग दुसऱ्याच्या पलीकडे. प्रत्येक वेळी वर काय दिसतं ते लिहून ठेवा: उशीर, एरर, की डिव्हाइसच गायब. मशीनची मेमरी मुद्दाम भरून हेच पुन्हा करा. मग माउंट असताना बोर्डाची पॉवर खेचा आणि ड्रायव्हरचा मॉड्यूल काढून बघा. उघडी फाइल धरून बसलेला प्रोग्राम असताना डिव्हाइस काढणं, इथे रेफरन्स काउंटच्या (एखादी गोष्ट किती जण वापरतायत त्याची मोजणी) चुका बाहेर पडतात.

राहिला तिसरा प्रश्न. ईएक्सटी४ किंवा एक्सएफएस असलेली डिस्क दोन मशीनवरून एकाच वेळी माउंट करू नका. दुसऱ्या मशीनवर ‘फक्त वाचायला’ म्हणूनही नको. प्रत्येक मशीन आपल्या मेमरीत मोकळ्या जागेचा वेगळा नकाशा धरून असतं, दुसऱ्याने काय लिहिलं ते त्याला कळत नाही, आणि रीड-ओन्ली माउंट करतानाही ईएक्सटी४ जर्नल पुन्हा चालवायला डिस्कवर लिहिते. दोन्हीकडून खरोखर लिहायचं असेल तर जीएफएस२ किंवा ओसीएफएस२ सारखी क्लस्टर फाइल सिस्टिम लागते, सोबत लॉक मॅनेजर आणि फेन्सिंग (बिघडलेल्या मशीनला डिस्कपासून तोडणं), आणि फेन्सिंग डिस्कमार्फत करायचं असेल तर तुमच्या बोर्डाला पर्सिस्टंट रिझर्व्हेशनच्या (डिस्कवरचा हक्क राखून ठेवणाऱ्या) कमांड समजल्या पाहिजेत. तुमच्या कामाला इतकं लागत नाही. डिस्क एकाच मशीनला द्या, आणि दुसऱ्या शेडमधल्या संगणकांना त्या मशीनवरून एनएफएसने (नेटवर्कवरून फाइली देण्याची पद्धत) फाइली वाचू द्या.